चूक बेचाळीस दात्यांची नव्हती

गंगामामी, बबनकाका, नाक्यावरचे सगळे दुकानदार, आणि आमच्या गावाकडून आलेल्या मंडळींनो, सगळ्यांना हात जोडते. रोज शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवून शेकडो लेकरांना ओरडणारी बाई मी. आज मात्र थांबत थांबत बोलले तर सांभाळून घ्या.

किसनमामांना जाऊन आज तेरा दिवस झाले. याच कनेरगाव नाक्यावर, याच लिंबाखाली, त्यांनी आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या. इथं असं कोणी आहे का, ज्याच्या सायकलीला मामांचा हात लागला नाही? मला तर एकही दिसत नाही.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. मी सुनीता. माझे बाबा मेंढ्या राखतात. वर्षातले कितीतरी महिने कळप घेऊन सिद्धेश्वरच्या बाजूला असायचे. माझी शाळा सुटू नये म्हणून मला इथं मावशीकडं ठेवलं. पुढं हिंगोलीला कॉलेजात जायला लागले. एस्टी मिळाली तर एस्टी, नाही तर सायकल. आणि एस्टी मला फार वेळा मिळायची नाही.

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. मी सायकलवर रोज येते-जाते हे कॉलेजातल्या खेळाच्या सरांना कळलं. कॉलेजच्या खोलीत एक रेसची सायकल धूळ खात पडली होती. बारीक टायर, वाकडं हँडल, एका हातानं उचलावी इतकी हलकी. सर म्हणाले, "विद्यापीठाच्या स्पर्धेत उतर. पहिल्या दोघींत आलीस की संघात निवड." बाबांनी परवानगी दिली, पण एकाच वर्षाची. "यंदा काय व्हायचं ते होऊ दे. न्हाई झालं तर सायकल ठेवायची आन् लग्नाचं बघायचं," असं ते म्हणाले होते.

त्या सायकलीला पुढं दोन चेनव्हील होती. म्हणजे पायडलपाशी असतं ते दात्यांचं चाक. मोठं बावन्न दात्यांचं, लहान बेचाळीसचं. सपाटीला मोठं, चढाला लहान. एक खटका ओढला की चेन एकावरून दुसऱ्यावर जायची. जायला पाहिजे होती, असं म्हणते. चढ लागला, जोर पायात आला, खटका ओढला की चेन खाली. एकदा तर मी चेनसकट खाली. गुडघा फुटला. काळे हात आणि रडकं तोंड घेऊन मी मामांच्या पुढ्यात उभी राहिले.

मामांनी आधी गुडघा धुतला. मग सायकल उलटी केली. बराच वेळ पायडल हातानं फिरवत बसले. मग म्हणाले, "पोरी, पुढं दोन काहून पायजेत तुला?"

मी म्हटलं, "रेसच्या सायकलीला दोन असतातच मामा."

"असतात, ते बराबर हाय. तुला काहून पायजेत ते सांग."

बबनकाका, तुमच्या मोपेडवर तुमच्या मागं बसून मामा तीन दिवस माझ्यामागं फिरले, आठवतं ना? तुम्ही ढाबा सोडून गाडी चालवायचे आणि मामा मागून मोजायचे. कुठल्या रस्त्याला माझे पाय मिनिटाला किती फिरतात, कुठं मी जागची उठते, कुठं दम तुटतो. स्पर्धा हिंगोलीहून औंढ्याच्या बाजूला जाऊन परत यायची होती, वाटेत मोठा चढ. मामा तिथंही आले. सायकल एस्टीच्या टपावर, आम्ही दोघं आत. चौथ्या दिवशी दुकानाच्या फळीवर खडूनं आकडे मांडून मला समजावलं. "हे बावन्नचं तू नुसतं शोभेला लावून राहिली. तुझ्या पायाला ते जड हाय. पाय फिरते ठेव, जोर नको लावू. पुढं एकच ठेवू, बेचाळीसचं. मागं लहानमोठी सहा हायेत, तेवढ्यात तुझा सगळा रस्ता निघतो."

मोठं चेनव्हील काढलं. चेन ढकलणारी पट्टी, खटका, त्याची तार, सगळं काढलं. चेन उडू नये म्हणून दोन्ही बाजूंना पातळ चकत्या पाहिजे होत्या. त्या मामांनी घरातल्या स्टीलच्या दोन ताटांतून कापल्या. मामी, तुम्ही आठ दिवस त्यांच्याशी बोलला नव्हता! आज हसलात, बरं वाटलं.

काढलेलं सामान त्यांनी किराणा दुकानाच्या तराजूत टाकलं. ताटांचं वजन वजा जाऊनही अर्ध्या किलोच्या आसपास भरलं. लेकराचं वजन केल्यासारखे खूश झाले होते मामा.

सर मात्र चिडले. "रस्त्यावरच्या मिस्त्रीनं गाडी बिघडवली," असं सगळ्यांसमोर म्हणाले. मामा तिथंच उभे होते. मला तेवढं म्हणाले, "तुला भरोसा हाय का? तुझी सायकल हाय. तू म्हणशील तर आत्ता परत बसवतो." मी म्हटलं, "असू द्या मामा."

स्पर्धेच्या दिवशी त्या चढावर माझी चेन एकदाही हलली नाही. पाय फिरत राहिले. चढाच्या माथ्यावर मी सगळ्यांच्या पुढं होते. मंडळी, सगळ्यांच्या पुढं! मेंढपाळाची पोरगी!

मग उतार आला.

आता जे सांगते ते मी सहा वर्षं कोणाला सांगितलं नाही. बाबा, तुम्ही समोर बसला आहात. तुम्हालाही नाही. उतारावर पहिल्या वळणाला मला फुटलेला गुडघा आठवला. मी ब्रेक दाबले. सोडले, पुन्हा दाबले. खालपर्यंत दाबतच आले. दोन पोरी माझ्या बाजूनं निघून गेल्या. मी तिसरी आले.

मामा शेवटच्या रेषेपाशी पाण्याची बाटली घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "उतारावर दाते कमी पडले का गं?"

मी म्हटलं, "हो मामा. पाय नुसतेच फिरत होते, वेग वाढतच नव्हता."

खोटं बोलले. वीस वर्षांची होते, हरले होते, आणि समोर एक माणूस माझी चूक घ्यायला हात पुढं करून उभा होता. मी देऊन टाकली.

त्यापुढचं काही जणांना माहीत आहे. नाक्यावर लोक हसले. सर म्हणाले, "सांगितलं होतं मी." कॉलेजच्या दोन-चार पोरांनी आपल्या सायकली मामांकडून उचलून दुसरीकडं नेल्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं. आणि मग एस्टीनं सिद्धेश्वरला गेले, तिथून बाबांचा कळप शोधत पायी. बाबा, तुम्हीच मला नंतर सांगितलं. मेंढ्यांच्या मधात उभं राहून ते तुम्हाला म्हणाले, "चूक माझी हाय. दाते म्या कमी ठेवले. पोरीत काही खोट न्हाई. अजून एक साल द्या तिला."

आणि तुम्ही दिलं.

मामांनी अकोल्याहून सेहेचाळीस दात्यांचं चेनव्हील शोधून आणलं. पुढं तेवढं एकच. मला म्हणाले, "हे उतारावर कसं चालतं ते बघायला लागंल. आपण फक्त उतार करू." दर रविवारी आम्ही त्या चढावर जायचो. मला वर सोडायचे आणि स्वतः एकेका वळणावर जाऊन उभे राहायचे. आधी सगळ्यात सोप्या वळणावर. "इथून पायडल मार, मला आवाज ऐकू दे," म्हणायचे. "वळणाच्या आधीच काय दाबायचं ते दाब. मधात हात लावू नको, न्हाईतर चेनव्हीलचं काही कळणार न्हाई मला." मी ऐकायचे. चेनव्हीलसाठी ऐकायचे! पुढच्या रविवारी ते पुढच्या वळणावर. त्यांना बघून मला धीर यायचा, त्यामुळं मी नीट वळायचे. चार महिन्यांनी एका रविवारी माझ्या लक्षात आलं, की आज ते कुठल्याच वळणावर उभे नव्हते. खाली चहाच्या टपरीवर बसले होते.

त्या वर्षी मी दुसरी आले. संघात गेले. त्यावर पुढं शिकले, नोकरी लागली, आज सेनगावच्या शाळेत खेळ शिकवते.

गेल्या महिन्यात मामांना भेटायला आले. आजारानं पार वाळले होते. मला राहवलं नाही. खाटेपाशी बसून सगळं सांगितलं. म्हटलं, "मामा, दाते कमी नव्हते पडले. मी भ्याले होते. तुमच्यावर ढकललं."

मामा हसले. खोकला आला, थांबला, मग म्हणाले, "येडे, ते मला त्याच दिवशी कळलं व्हतं. सकाळी म्या नवी रबरं बसवली ब्रेकला. सांजच्याला बघतो तर काचेवानी गुळगुळीत. रिमवर काळा पट्टा. जिचे पाय नुसते फिरत व्हते, ती ब्रेक काहून दाबंल?"

मी म्हटलं, "मग बोलला काहून न्हाई? लोकं तुम्हाला हसत होती."

ते म्हणाले, "लोकं चेनव्हीलला हसली. त्याला काय तकलीफ? तुला भित्री म्हणले असते तर तुझ्या बापानं सायकल काढून घेतली असती. आन् पुढं तू बी सोताला तेच म्हणली असती." मग विचारलं, "पण खरं सांग आता. चढाला बेचाळीसचं बराबर व्हतं ना?"

मी म्हटलं, "एकदम बराबर होतं मामा."

डोळे मिटून म्हणाले, "मंग झालं."

मंडळी, त्यांना तेवढंच ऐकायचं होतं. सहा वर्षं. आणि ते मी त्यांना एकट्याला, बंद खोलीत सांगितलं. हसणारे मात्र इथं नाक्यावर, उघड्यावर हसले होते. म्हणून आज नाक्यावर उभी राहून सांगते. किसनमामांचं गणित बरोबर होतं. एक दातासुद्धा चुकला नव्हता. हे घरी जाऊन सांगा. जे आज आले नाहीत त्यांनाही सांगा.

आता सगळे उभे राहू या. रस्त्यावरच्या गाड्या काही थांबायच्या नाहीत, त्यांना जाऊ द्या. आपण थोडा वेळ काही बोलायचं नाही. मामी, माझा हात धरा.