केसरबाईच्या भाकरी

धाडच्या बसथांब्यावर माझ्या मागं दोघी बायका बोलत होत्या.

"अंबूबाई, मागच्या अंगणातली ती सूर्यचूल काऊन बंद केली वं? वरण शिजत नव्हतं?"

"मस्त शिजे. पण घरातून धूरच निघे ना. शेजारच्या केसरबाईले वाटलं, आमच्या घरी खायले नाही. पदराखाली भाकरी झाकून घेऊन आली."

"अवं माय! मंग सांगितलं नाही तिले?"

"तिचे डोळे भरून आलते. मी भाकरी ठेवून घेतल्या. दुसऱ्या रोजी पहिले चूल पेटवली."

"एवढ्याची काय लाज?"

"त्याची नाही वं. मागच्या उन्हाळ्यात तिच्या घरून कितीक रोज धूर निघत नव्हता. मी मनात म्हणे, बरं झालं, माह्या पापडाईले धूर लागत नाही."