शेवटचं रीळ

माझं लग्न एका पिच्चरमुळं जमलं राव! आमच्या नारायणगावात आन मंचरला एकच पिच्चर लागलेला, रिळं मोटरसायकलवरनं तिकडून इकडं यायची. पिच्चरात हिरो-हिरॉईनची सारखी चुकामूक, आन नेमकं शेवटचं रीळ मंचरच्या ट्रॅफिकमधी अडकलं. ती दोघं भेटली का नाय, कळलंच नाय. पब्लिक शिव्या देत घरी.

पुढं मंचरलाच पोरगी बघायला गेलो. तिचे मामा म्हणले, "पावणं, इचारा काय ते."

मी इचारलं, "तुमच्याकडं तो चुकामुकीचा पिच्चर लागला व्हता, त्यात शेवटी ती दोघं भेटली का?"

पोरगी मान खाली घालूनच म्हणली, "आधी होकार कळवा, मग सांगते."

मी तिथंच होकार दिला.

लग्नानंतर पयल्याच चहाला म्हणलं, "आता सांग."

"मी कुठं पाह्यलाय? आपली चुकामूक नको व्हायला, म्हणून बोलले!"