मिस्त्री कोणाला म्हणायचं

प्रकाशा फाट्यावरच्या नव्या एसटी थांब्यात बाकं दोन, माणसं तीन आणि बिनगिलाव्याची भिंत एक होती. एका बाकावर शाळकरी चेतना पट्टीने आलेख काढत होती. दुसऱ्यावर उखा मिस्त्री आणि बांधकामाच्या नोकरीसाठी जर्मनीला निघालेला त्यांचा मुलगा कुंदन. ती भिंत कुंदनने एकट्याने बांधलेली.

"तठे जर्मनीमा माले काय म्हनतीन रे?" उखा मिस्त्रींनी विचारलं.

"मायस्टर. पन परीक्षा देवा बिगर नई, आबा."

"दाढी पांढरी व्हयनी, तरी?"

"तरी. इटलीमा माएस्त्रो म्हंजे शाळाना मास्तर. फ्रान्समा वकीलले मेत्र म्हनतस. समदा एकच लॅटिन शब्दना पोरे. आपला मिस्त्री भी त्यामाईनच, पोर्तुगीजसनासंगे उना."

"म्हंजे वकील मन्हा भाऊ! त्याले सांग, चहा पाज."

"आबा, जाई ऱ्हायनू. आज तरी माले मिस्त्री म्हना."

"मन्हा बापनी आधी ओळंबा लावा, मंग माले मिस्त्री म्हनं. वर नि खाली दोरी भिंतपासून सारखी दूर, तरच मिस्त्री. तुन्ही भिंत मी आजून मोजी नई."

"मंग मोजा."

"मोटर दिसी ऱ्हायनी."

"दिसू द्या."

उखा मिस्त्रींनी पिशवीतून ओळंबा, दोरीला बांधलेलं लोखंडी वजन, काढला आणि भिंतीच्या माथ्याशी बाहेर आलेल्या खिळ्याला बांधून खाली सोडला. तो डोलायचा थांबला.

"माय, पट्टी तुन्हा हातमा शे. तूच वाच. मी बाप शे, मन्हा डोया खोटं सांगतीन."

चेतनाने पट्टी आधी वर धरली, मग खाली.

"वर चार सेंटिमीटर. खाली चार सेंटिमीटर."