एकटेपणा, हिरव्या रंगात

माझ्या पहिल्या प्रदर्शनाचं तुम्हाला सांगितलंच नाही का? इथलंच, सुरतेतलं. मी मोठ्या तोऱ्यात छतापासून जमिनीपर्यंत एकच निळी साडी टांगली होती आणि शेजारी पाटी लावली होती, 'एकटेपणा'. वॉचमनशिवाय कोणी फिरकेना, त्यामुळे नाव तरी सार्थ झालं होतं.

शेवटी एक मावशी आल्या, हातात खरेदीच्या पिशव्या. त्यांनी पदर दोन बोटांत चोळून पाहिला.

"कापड चांगलं आहे. यात हिरवा दाखव."

मी चष्मा सावरला. "मावशी, ही साडी नाही. हा माणसाचा एकटेपणा आहे."

"असू दे ना, बेटा. हिरव्यात आहे का?"

आता मी आर्ट कॉलेजात शिकलो खरा, पण माझ्या वडिलांचा जन्म साडीच्या दुकानात साड्या उलगडण्यात गेला. गिऱ्हाईक परत जायला वळलं, की आमच्या घरात कोणालाच राहवत नाही. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "हिरव्यात उद्या येईल, मावशी!"

हसू नका, मी खरंच हिरवी रंगवून टांगली. दुसऱ्या दिवशी मावशी आल्यासुद्धा. पुन्हा पदर चोळला, मान हलवली आणि म्हणाल्या, "निळाच बरा होता."