अन्वरची वाकडी तबकडी

चहा निवू दे, तोवर आमच्या महादूची गंमत ऐका. तो धाटावला कंपनीत होता. त्याचा दोस्त अन्वर दुबईहून सुट्टीवर आला, तो फेकायची कडक तबकडी घेऊन. कापलेल्या शेतात दूर टोपली टांगायची, कमी फेकीत तबकडी तिच्यात घालील तो जिंकला. पण ही तबकडी शेवटी हटकून डावीकडं वळायची.

"खोटी हाय, खाडीत टाक," महादू म्हणाला.

"खोट तुझ्या हातात हाय!"

एवढ्यावरून लहानपणापासूनच्या दोस्तांचा अबोला. अन्वर निघायच्या आदल्या दिवशी मीच दोघांना शेतात ओढत नेलं. टोपली पेंढ्याच्या उडवीमागं होती.

मी म्हटलं, "महादू, भात उपणताना वाऱ्याला वळवतोस, का तूच फिरून उभा राहतोस? डावीकडं जाते ना ती? मग उडवीच्या उजवीकडून सोड."

त्यानं सोडली. उडवीला वळसा घालून तबकडी थेट टोपलीत!

अन्वरनं त्याला मिठीच मारली. "ठेव तुझ्याकडं. पुढच्या सुट्टीत हरव मला. काकी, तुम्ही साक्षीला."

नंतर पेणची पोरं खेळायला आली नि तबकडीला नावं ठेवू लागली. महादू केवढ्यानं खेकसला, "खोट तुमच्या हातात हाय!"