थरथरला न्हाय म्हंजी फोन आला न्हाय

जलम माझा कळंबच्या माळावरचा. बाप मेंढरं राखायचा, आमी कुठं एका जागी न्हवतोच, आणि कान म्हणाल तर असं हुतं की कळपातलं कुठलं कोकरू वरडतंय ते मी झोपेतनं उठून सांगायचे. हे आधी सांगते, कारण लोकांना वाटतं बाई जल्माचीच बहिरी हाय. न्हाय. मला बहिरं केलं त्या मशीननं. मेंढरं गेली, लगीन झालं, नवरा लवकर वारला, पदरात एक पोरगा एक पोरगी, मग मी बारामतीला एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लागले, क्रेट धुवायच्या मशीनवर. काय सांगू तुमाला तो आवाज, क्रेटं धडाधड येत्यात, वरनं गरम पाण्याचा फवारा, शेजारची बाई कानात वरडली तरी कळत न्हाय, आमी आपल्या हातवारे करून बोलायचो, आणि घरी आलं तरी कानातली मशीन काय बंद व्हायची न्हाय. डावा कान आधी गेला, मग उजवा. एक दिवस मागनं मालाची गाडी आली, हॉर्न वाजवला म्हणं, मला कुठला ऐकू येतोय, थोडक्यात वाचले. तर साहेब म्हणला, मावशी, आता तुमी घरीच बऱ्या. आणि डॉक्टर म्हणला, वयामुळं हुतं असं. वयामुळं! माझी आय म्हातारी हुऊन मेली, तिला शेवटापातूर शेजारणीची कुजबुज ऐकू यायची.

जरा हिकडं तोंड करा बाई. तुमी वहीत बघून बोलला की मला काय कळत न्हाय, व्हट दिसलं पायजेत.

तर फोनचं. माझी लेक मनीषा, ती लग्नाआधी एमआयडीसीतच शिलाईच्या कामाला हुती, तिनं हा मोठा फोन घेऊन दिला. म्हणली, आई, ह्यात तोंड दिसतं, मी बोलीन ते तुला वाचता येईल. रिंग तर तुला ऐकू येणार न्हाय, म्हणून व्हायब्रेट लावते, आणि तिनंच माझ्या सगळ्या झंपरांना आतनं खिसा शिवला, छातीपाशी. घुर्रर्र झालं की समजायचं लेक हाय. मग तिला पणदऱ्याला दिली, चांगलं बागायती घर, आणि मी हितं खुरपणीला जायला लागले. उसात वाकून खुरपत असायचे आणि घुर्रर्र, की खुरपं टाकून बांधावर. बाया हसायच्या, आलं बघा हिच्या काळजाला बोलावणं. हसू द्या की! मला त्यावढंच तर कळत हुतं ह्या जगातलं.

औंदा मनीषाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरात असतंय, हे काय तुमाला सांगायला नको. पण आमच्यात लेक आपल्या पायानं माहेरी येत न्हाय, माहेरचं माणूस न्यायला जावं लागतं, त्याला मूळ म्हणत्यात. मूळ आल्याबिगर सासरचं पाठवत न्हाईत. तिचे सासरे, तात्या, जरा ताठ माणूस, आज बघू उद्या बघू करत हुते. ते हो म्हणले की मनीषा फोन करणार हुती, मी रोज वाट बघायची. आणि फोन काय थरथरना. चार दिस झालं, पाच झालं, मी मनात लेकीलाच शिव्या घालतीया, रमली सासरात, इसरली आईला, मरू दे, मी तरी कशाला करू. माझी अक्कल बघा! थरथरला न्हाय म्हंजी फोन आला न्हाय, असंच मी धरून चाललेली.

आणि एक दिवस सांजच्याला उसातनं घरी आले, फोन काढला, तर काचेवर तिचा फोटू, खाली सरकवलं तर परत तिचाच फोटू. दिवसभर करत हुती पोरगी. मी लावला तर तिचा बंद. तुमी म्हणाल, भावाला का न्हाय केला तिनं? केला हुता. पण पोराचा, रमेशचा, फोन कंपनीच्या गेटवर जमा असतो, पाळी सुटल्याशिवाय मिळत न्हाय. आणि सुनंला, अश्विनीला, मनीषा करायची न्हाय, लग्नात मानाच्या साडीवरनं दोघींचं जे बिनसलं ते बिनसलंच.

सकाळी उजाडल्या उजाडल्या रमेशला गाडी काढायला लावली आणि पणदरं गाठलं. तात्या वसरीला बसल्याले. मी म्हणलं, तात्या, लेकीला न्यायला आलो. माणूस तोंड वर करून सावकाश बोलला, त्यामुळं सगळं कळलं मला, नसतं कळलं तर बरं झालं असतं. म्हणला, विहीणबाई, काल मी हो म्हणलो हुतो. आजपास्नं पितराचा पंधरवडा लागला, पंधरवड्यात मी गरवार सून घराबाहीर काढत न्हाय, आणि तो उठला की तिला नववा लागतोय, नवव्यात गरवार बाई हलवत न्हाईत. काल दिवसभर पोरगी पिशवी भरून दारात बसली हुती, जेवली न्हाय. तुमाला न्यायची नव्हती तर सरळ सांगायचं. मी फोन पुढं केला, म्हणलं बिघडलाय वो, वाजत न्हाय. त्यो हसला नुसता. मनीषा च्या घेऊन आली, कपबशी ठेवली, खाली बघूनच कायतरी बोलली आणि आत गेली. मी म्हणलं, काय म्हणली? रमेश गाडीकडं चालला. पार पणदरं मागं पडल्यावर त्यानं गाडी थांबवली, माझ्याकडं तोंड केलं आणि सांगितलं, ती म्हणली, आईला मी जड झाले.

जड! जिच्यासाठी मी छातीला फोन बांधून फिरते ती मला जड?

मग धरलं त्या फोनला. शेजारची आक्का म्हणली, घाम गेला असंल आत, तांदळात ठेव. ठेवला डब्यात, काढला तर भोकात तांदूळ अडकल्याला आणि थरथर काय न्हाय. रमेशनं बंद करून चालू केला. काय न्हाय. मग बारामतीला गेले, स्टँडजवळ एक दुरुस्तीवाला हाय, पोक्त माणूस. त्यानं आधी तांदूळ काढला आणि माझ्याकडं असं बघितलं, म्हणला, मावशी, भात लावायचा हुता काय? मग मागचं झाकण उचकटलं, आत बारकी मोटर असती, ती तपासली, चांगली फिरली. मग काचेवर बोट फिरवत कुठं कुठं आत गेला आणि म्हणला, मोटर धडधाकट हाय, व्हायब्रेट बंद केल्यालं हाय हितनं. मी म्हणलं, आपोआप? तो म्हणला, आपोआप कसं हुईल, कुणीतरी केलंय.

घरी आले. अश्विनीला इचारलं. व्हय, म्हणली, मीच केलं. फोन तुमी चार्जिंगला मांडणीवर ठेवता, तो घुरघुरला की ताटं वाजत्यात, माझं बाळ दचकून उठतं. मी म्हणलं, अगं, मग मला सांगायचं तरी! तर म्हणली, सांगितलं हुतं की. त्याच दिवशी. भाकरी करताना.

भाकरी करताना. चुलीकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करून. आणि मी काय करत असणार, पाठीमागं बसून लसूण सोलत असणार. आता ह्या पोरीला काय म्हणू तुमीच सांगा. खोटं बोलत न्हाय ती, सांगितलं असणार. पण तीन वरसं माझ्यासंगं एका घरात राहती, आणि माझ्याशी कसं बोलावं एवढं तिला कळंना? भांडले मी, लई भांडले, तोंडाला येईल ते बोलले. रमेश म्हणला, आई, आता झालं ते झालं, लहान लेकराच्या घरात वरडू नको. म्हंजी मी वरडायचंबी न्हाय.

मनीषाला मुलगा झाला, तिकडंच, पणदऱ्यात. बारशाला गेले. फोनचं सगळं सांगितलं तिला, मोटर, बटण, सगळं. ती म्हणली, आई, बटण कुणाचंबी असू दे, माझा फोन तुमच्या घरात नकोसाच हुता. पोराला मांडीवर दिलं माझ्या, न्हाय असं न्हाय. गोरं हाय, नाक आमच्या मनीषाचं.

आता फोन चांगला थरथरतोय. रिचार्ज संपला, थरथरतो, लॉटरी लागली म्हणत्यात, थरथरतो. लेकीचा येत न्हाय. लेक आता अश्विनीला करती. व्हय, त्या दोघींचं जमलं, दोघींच्या पदरात ल्हान लेकरं, ही ह्याचं दाखवती, ती त्याचं दाखवती. परवा मी अंगणात हुते, आत आले तर अश्विनी फोन ठेवत हुती. म्हणली, मनीषाताई हुत्या, बऱ्या हायत, बाळ पालथं पडाया लागलंय. मी म्हणलं, मला दाखवायचं न्हाय व्हय गं? तर म्हणली, ताईंनी इचारलं न्हाय तुमचं, मग मी ठेवला.

असू द्या. पोरगी हसती-बोलती हाय, लेकरू पालथं पडतंय, त्याला दीष्ट लागू नये कुणाची. लिहा तुमी एवढं, आणि च्या घेऊन जावा.