पिंटोंचा आवाज येत न्हाई

माझं माहेर साताऱ्याकडचं, कोरेगावच्या बाजूला, पन तिथं मी ऱ्हायले कमीच. वडील मार्केटात कांदाबटाट्याच्या गोन्या उचलायला आले, मागनं आमालाबी आनलं, मी मोठी झाले ती तुर्भ्याला. लग्न झालं ते बोटीवरल्या मानसाशी. आई म्हनली, बोटीवरला नवरा म्हंजी असून नसल्यासारखा. वडील म्हनले, त्याच्या पाठीवर गोनी तर न्हाई ना, बास झालं. ह्यांचं काम वायरलेसचं. बोटीवर एक खोली, तिथं हेडफोन कानाला लावून बसायचं, वादळ कुठं हाय, कुठली बोट काय बोलती, ते ऐकायचं आनि कप्तानाला सांगायचं.

मग उपग्रह आलं आनि वायरलेसवाल्यांची नोकरीच उठली. ह्यांची शेवटची बोट भंगारात निघाली तवा हे त्या खोलीतलं घड्याळ मागून घेऊन आले, पितळी, जड, तबकडीवर तांबडे हिरवे पट्टे. मला वाटलं शोभेचे असतील. तर म्हनले, काटा तांबड्यात आला की तीन मिनिटं त्या लायनीवर कुनीच बोलायचं न्हाई, नुसतं ऐकायचं, कुनी बुडत असंल तर त्याची बारीक हाक कानावर यावी म्हनून. काय सांगू तुमाला, त्या दिवशी मला ह्या मानसाची लई माया आली.

जुईनगरात मी पोळीभाजी केंद्र टाकलं, हे टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसायचे. पन जीव सगळा रेडिओत. परीक्षा देऊन हॅमचं, म्हंजी घरनं हौसेनं रेडिओवर बोलायचं, लायसन काढलं, गच्चीवर तार बांधली, आनि रोज सकाळी गोव्याच्या पिंटोंशी बोलायचे. हे पिंटो ह्यांच्याच हाताखाली बोटीवर शिकलेले. घड्याळ मागं पडायचं म्हनून आधी रेडिओवर टाइम लावायचे, परदेशातलं कुठलं तरी स्टेशन नुसतं टिक टिक वाजवतं, त्यावर काटा बसवायचा, मग पिंटो. जेवन चुकलं तर चालंल, पिंटो चुकायचे न्हाईत.

पुढं ह्यांचे कान गेले. बोटीतली मशीनं, वय, काय म्हनायचं. यंत्र घेतलं कानाचं, पन त्यात रेडिओची नुसती खरखर. मग मी कान झाले. पोळ्या कामाच्या बाईवर टाकून मी हेडफोन लावून बसायची. मिनिट भरल्याची लांब टिक वाजली की मी हात खाली करायची, हे काटा सोडायचे. पिंटो बोलले की मी नातवाच्या पाटीवर लिहायची, हे वाचून माइकवर उत्तर द्यायचे. पिंटो रोज शेवटी म्हनायचे, भाभी को सलाम. मी तेबी लिहायची. मला लायसन न्हाई, मी बोलायचं न्हाई, नुसतं ऐकायचं.

गेल्या वर्षी पिंटोंच्या मुलीचा फोन आला, पप्पा गेले. मी पाटीवर लिहिलं. हे लई रडले. पन तवर ह्यांचं विसरनं सुरू झालं व्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तयार होऊन बसले, लाव गं, पिंटो वाट बघत असंल. मी परत लिहिलं. परत तसेच रडले, पहिल्यांदाच कळल्यासारखे. तिसऱ्या दिवशी माझा हातच चालला न्हाई. मी लिहिलं, आज आवाज येत न्हाई.

तवापासनं रोज तेच. म्हनतात, तुझे कान गेलेत. एक दिवस सुनेला सांगून मला कानाच्या डॉक्टरकडं धाडलं. डॉक्टर म्हनला, आजी, कान चांगले हायत. तसं ह्यांना लिहून दाखवलं तर म्हनले, मग मशीन बिघडलं. रेडिओचं आख्खं मशीन खोलून बसले, आता ते ह्यांना जोडता येत न्हाई. मी हेडफोन नुसता लावून बसते, वायर तशीच खाली लोंबती.

बिल्डिंग पाडायची हाय. मुलगा उलव्याला नेनार आमाला, तिथली सोसायटी गच्चीवर तार बांधू देत न्हाई. ह्यांना सांगितलं. म्हनले, पिंटोला नवा पत्ता दे.

वटपौर्णिमेला बाया काय मागत्यात, तुमाला ठावं हाय, नवऱ्याआधी कुंकवासकट जाऊ दे. मीबी तेच मागितलं इतकी वर्सं. औंदा दोरा गुंडाळताना मी म्हनले, देवा, आधी ह्यांना ने. मी गेले तर हे सकाळी कुनाकडं बघून बसनार? शेजारीन म्हनली, एवढं डोळं मिटून काय मागितलंस? मी म्हनले, तुमी मागितलं तेच.